धक्का शोधणारा एजंट

बोरिवली, खाडीपलीकडून
९ जानेवारी २०२५

प्रिय अनू,

तुझं नाताळचं पत्र तीन राजांचा सण उलटून गेल्यावर पोचलं. पोस्टमनला बोल लावत नाही, त्यालाही बोटीतूनच यावं लागतं. शाल मात्र आधी आली आणि इसिडोरने ती लगेच ढापली. माझ्यासाठी पाठवलीस हे त्याला सांगितलं तरी ऐकत नाही.

फोनवर मला धड ऐकू येत नाही आणि मोबाईलवर लिहायला बसले की बोट भलत्याच अक्षरावर पडतं. तू पत्र लिहितेस याचा मला किती आनंद होतो! माधुरी गेली तेव्हा वाटलं होतं की पत्रंही तिच्याबरोबर गेली. पण तू तुझ्या आईची ही सवय चालू ठेवलीस. देव तुझं भलं करो.

आता भांडण. तू लिहितेस, "मावशी, सरकारी पैशाची माहिती एजंटांना चटकन सापडावी, असं काम मी करते." मी चष्मा पुसला आणि परत वाचलं. एजंट? अगं, तुझी आई आणि मी मरोळच्या औषधांच्या फॅक्टरीत वर्षानुवर्षं शेजारी बसून गोळ्यांची पाकिटं भरली. त्या बाईने जन्मात कधी एजंटाला दारात उभं केलं नाही. रेशनकार्ड असो की तुझा जन्मदाखला, सगळ्या रांगांत ती स्वतः उभी राहिली. इसिडोरने एकदा होडीच्या लायसनसाठी एक एजंट धरला होता, तो आजतागायत सापडलेला नाही. आणि माधुरीची मुलगी, एवढी शिकलेली, ती एजंट लोकांची चाकरी करते?

बरं, केलीस ती केलीस. आता तो एजंट हाताशी आहेच तर एक काम करून दे. आपल्या धक्क्याच्या खालच्या पायऱ्या वाहून गेल्या. भरतीला बोट वर येते, तेव्हा चालतं. ओहोटीला मात्र बोट खाली आणि धक्का वर, मध्ये नुसता चिखल. गावाने दोनदा अर्ज दिला. कचेरीत एकच उत्तर, "तरतूद नाही." खरंच नाही की बघितलंच नाही, हे तुझ्या एजंटाला विचार. आणि तो काय घेणार ते आधीच सांग, मागाहून कटकट नको.

इसिडोर बरा आहे. तुझी आठवण काढतो.

तुझी,
ब्रिजेट मावशी

———

मुलुंड
१७ जानेवारी २०२५

प्रिय ब्रिजेट मावशी,

तुझं पत्र मी ऑफिसात मोठ्याने वाचून दाखवलं. आमचा देवेश खुर्चीतून पडायचा बाकी होता. आता सगळे मला "एजंटबाई" म्हणतात. थँक यू हं!

मावशी, माझा एजंट माणूस नाही. तो चहा पीत नाही, त्यामुळे चहापाणीही घेत नाही. समजावून सांगते. हल्ली लोक कॉम्प्युटरला आपल्या साध्या भाषेत प्रश्न विचारतात. "आमच्या शाळेला यंदा सरकारने काही दिलं का?" असं. कॉम्प्युटरला माहीत नसलं तर तो गप्प बसत नाही, बिनधास्त काहीतरी ठोकून देतो. म्हणून त्याला सांगायचं, बाबा रे, अंदाज नको, उठ आणि स्वतः जाऊन कागद बघून ये. असा उठून शोधायला जाणारा प्रोग्रॅम म्हणजे एजंट.

पण बिचारा जाणार कुठे? अर्थसंकल्प एका वेबसाइटवर, पुरवणी मागण्या दुसरीकडे, जिल्ह्याचा खर्च तिसरीकडे, आणि अर्धे कागद तर वाकडे स्कॅन केलेले. आम्ही ते सगळं गोळा करून शब्दांवरून शोधता येईल असं लावलंय. एजंट एक शब्द सांगतो, आमचं टूल त्या शब्दाची पानं त्याच्यासमोर ठेवतं. शिवाय त्या शब्दाचे सगेसोयरेही शोधतं. म्हणजे कोणी "दवाखाना" विचारला तर "रुग्णालय" लिहिलेलं पानही मिळावं. मराठीत कोणता शब्द कोणाचा सगा, हे ठरवायचं काम माझं. इंग्लिश मीडियमच्या मुलीला हे काम दिलं याचं आईला केवढं हसू आलं असतं!

आणि ऑफिस कुठे आहे माहितीये? मरोळलाच, तुमच्या फॅक्टरीच्या मागच्या गल्लीत. तुमच्या फॅक्टरीचा आता लग्नाचा हॉल झालाय. दुपारी जेवायला खाली उतरले की तुम्ही दोघी डबे घेऊन कुठे बसत असाल याचा अंदाज बांधत असते.

धक्क्याचं नक्की बघते. माझ्या सगळ्या मे महिन्यांच्या सुट्ट्या त्या धक्क्यावरून सुरू झाल्या. तोवर तू फॅक्टरी सोडली होतीस, आई पाकिटं भरायची आणि मला तुझ्याकडे सोडायची. बोट धक्क्याला लागायची, बोट आणि दगड यांच्यात हे एवढं पाणी दिसायचं आणि माझी फाटायची. मग इसिडोर काका फेरीबोटीचं सुकाणू दुसऱ्याच्या हातात देऊन आधी स्वतः वर चढायचे, दोन्ही हात पसरायचे आणि म्हणायचे, "उडी मार. मी आहे." दरवर्षी तेवढंच. तेवढं ऐकलं की मी मारायची.

काकांना सांग, शाल ठेवा. तुला दुसरी पाठवते.

तुझी,
अनू

———

बोरिवली, खाडीपलीकडून
२५ जानेवारी २०२५

प्रिय अनू,

माणूस नाही म्हणतेस, मग त्याला थँक यू कसं म्हणायचं? कोणी आपल्यासाठी उठून गेलं तर त्याला निदान पाणी तरी विचारावं, असं आम्हाला शिकवलंय. असो. तुझ्यामार्फत सांगते.

धक्का म्हणजे तोच, तुझा. क्रुसाच्या खालचा. त्याच्या डाव्या अंगाला दगडी बंधारा आहे, तोही ढासळलाय. लोक आता ओहोटीला गुडघाभर चिखलातून येतात. ब्लँच आंटीची चप्पल तिथे गेली ती गेलीच, तिला ती लग्नात मिळाली होती म्हणे. गावाला तसा रस्ताही आहे, पण भाईंदरला वळसा घालून अर्धा दिवस जातो. तरण्या पोरांकडे मोटरसायकली आहेत, त्यांना काय.

इसिडोर हल्ली बोरिवलीला येत नाही. कंटाळा करतो. डॉक्टरने बोलावलंय, बघू.

तू उडीचं लिहिलंस ते मी त्याला वाचून दाखवलं. मग खिडकीतून धक्क्याकडे बघत बसला.

माझी काळजी करू नकोस. धक्क्याची कर.

ब्रिजेट मावशी

———

मुलुंड
६ फेब्रुवारी २०२५

प्रिय मावशी,

वाट लागली. तुझ्या कामाची नाही, माझ्या टूलची.

मी एजंटाला सांगितलं, या गावच्या धक्क्यासाठी काही पैसे ठेवलेत का बघ. तो गेला आणि ढीगभर पानं घेऊन आला. महसुलाला बसलेला धक्का. बाजारभाव कोसळल्याचा धक्का. एका अहवालात तर "सुखद धक्का" पण होता! मग मी जेट्टी शोधायला लावली, बंदर शोधायला लावलं, पायऱ्या शोधायला लावल्या. अख्ख्या किनाऱ्याच्या जेट्ट्या सापडल्या, फक्त तुमची नाही. शेवटी नुसतं गावाचं नाव टाकलं. एजंटाने तीन गोष्टी काढून त्याच्या सोप्या भाषेत सांगितल्या. एक गटार, रस्त्यावरचे दिवे आणि, मावशी, तू बसलीयेस ना? गावात खाडीच्या काठाला "उन्हापासून संरक्षण देणारी भिंत"!

भर खाडीत, उन्हापासून वाचवायला भिंत! कोणासाठी, खेकड्यांसाठी? देवेश म्हणाला, सरकार पण ना, कुठे काय बांधेल सांगता येत नाही.

पण खरं सांगू? मला वाईट वाटलं. तू आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे काहीतरी मागितलंस आणि मी तुला हसायला एक भिंत पाठवतेय. कचेरीतला माणूस बहुतेक खरंच बोलत होता, तरतूद नाही. एप्रिलमध्ये नवीन वर्षाचे कागद येतील तेव्हा परत शोधेन.

रागावू नकोस.

अनू

———

बोरिवली, खाडीपलीकडून
१४ फेब्रुवारी २०२५

माझ्या गुणाच्या पोरी,

हे पत्र सावकाश वाच आणि खाली बसून वाच, कारण मी तुझ्यापासून एक गोष्ट लपवली होती.

इसिडोर बरा नाही. सप्टेंबरात त्याला लकवा मारला. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा. तुझी आई जाऊन वर्षही झालं नव्हतं, तुझ्या डोक्याला आणखी एक घोर नको म्हणून लिहिलं नाही. डॉक्टर म्हणाले, व्यायाम करून घेतला तर चालेल, बोलेल, पण पहिले काही महिने महत्त्वाचे, नंतर अवघड. बोरिवलीला फिजिओथेरपीला न्यायला लागलो. भरतीला ठीक, पण डॉक्टरीणबाईची वेळ काही भरती बघून ठरत नाही. एकदा ओहोटीला परत आलो तेव्हा पोरांनी त्याला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून चिखलातून वर उचललं. खुर्चीचा पाय घसरला. लागलं काही नाही, पोरांनी धरला. पण अनू, सगळ्या गावाला ज्याने त्या धक्क्यावर हात दिला, त्याला तिथे खुर्चीतून उचलताना लोक बघत होते. घरी आला आणि रडला. त्यानंतर त्याने उंबरा ओलांडला नाही. भाईंदरवरून रिक्षाने एकदा नेला, तर वाटेत ओकून ओकून हैराण झाला. पंधरा-पंधरा दिवस सरत होते आणि मी नुसती बघत होते. धक्क्यासाठी मी का हात धुऊन लागले होते ते आता तुला कळलं असेल.

तर काल मी तुझं पत्र त्याला वाचून दाखवलं. सुखद धक्क्यापर्यंत नुसता ऐकत होता. "उन्हापासून भिंत" म्हटलं आणि त्याच्या छातीतून काहीतरी आवाज आला. मी घाबरले, वाटलं परत झटका आला. बघते तर हसत होता! अर्ध्या तोंडाने, पण हसत होता. आणि डावा हात वर करून काहीतरी सांगायला बघत होता. मी म्हटलं, पाणी हवं? नाही. शाल? नाही. त्याने ओठ जमवले, घाम फुटला त्याला, आणि म्हणाला, "धूप."

स्वच्छ, अनू. सप्टेंबरापासूनचा पहिला अख्खा शब्द.

मला आधी वाटलं त्याला चर्चमधला धूप हवाय, म्हणजे शेवटची तयारी करतोय की काय. पण तो हसत होता. आणि मग मला आठवलं. आपल्या बंधाऱ्यावर फार वर्षांपूर्वी सरकारने एक पाटी लावली होती, "धूपप्रतिबंधक बंधारा." पोरं तिच्यावर स्टंप काढायची. नवे फादर आले की इसिडोर रविवारच्या प्रार्थनेआधी त्यांना ती दाखवून म्हणायचा, "फादर, सरकारने धुपावर बंदी आणली, आता मिस्सा कशी करणार?" गावात हा विनोद सगळ्यांना तोंडपाठ होता.

अगं बाई, समुद्र जमीन खातो ना, त्याला धूप म्हणतात. जमिनीची धूप. आम्हाला भूगोलात धडा होता. तुझ्या त्या कागदावर मुळात काय लिहिलंय ते बघ. उन्हाची भिंत कसली, तो आपला बंधारा आहे!

ब्रिजेट मावशी

ता. क. धक्क्याचं झालं नाही तरी चालेल. तुझ्या एजंटाच्या चुकीने माझा नवरा बोलला. मी त्याची जन्माची ऋणी आहे.

———

मुलुंड
१९ फेब्रुवारी २०२५

प्रिय मावशी,

आधी रडून घेतलं. मग तुझ्यावर रागावून घेतलं. घोर नको म्हणून लिहिलं नाहीस? आई ॲडमिट होती तेव्हा तू रोज खाडी ओलांडून पेज घेऊन यायचीस, तेव्हा तुझ्या डोक्याला घोर नव्हता? परत असं केलंस तर मी तिथे येऊन भांडेन.

आता ऐक. काकांचं बरोबर आहे, आणि चूक एजंटाची नाही, माझी आहे. आमच्या टूलमध्ये शब्दांचे सगेसोयरे लावताना "धूप" समोर मीच "ऊन" लिहिलं होतं. आमच्या बिल्डिंगमध्ये, शाळेत, रिक्षात, सगळीकडे धूप म्हणजे ऊनच ना. "धूप में मत खेलो" ऐकतच मोठी झाले मी! ते हिंदी आहे आणि मराठीत धूप वेगळी, हे डोक्यातच आलं नाही. टूलने एजंटाला ऊन सांगितलं, एजंटाने विश्वास ठेवला, बंधाऱ्याची भिंत केली आणि पुढचं गाळलं.

शब्द सुधारला आणि अख्खी ओळ उघडली. हे बघ काय लिहिलंय: "धूपप्रतिबंधक बंधाऱ्याची दुरुस्ती व बंधाऱ्यास लागून प्रवासी उतरण्याची सोय." मावशी, "उतरण्याची सोय" म्हणजेच तुमच्या पायऱ्या! धक्का नाही, जेट्टी नाही, पायऱ्या नाहीत, कोणी शोधणार तरी कसं? पैसे ह्याच वर्षी मंजूर झालेत. खर्च शून्य. आणि एकतीस मार्चपर्यंत काम कोणाला दिलं गेलं नाही तर ते परत जातील.

त्या पानाची प्रत सोबत कुरिअरने पाठवतेय, वर पान क्रमांक आणि कुठल्या कागदात आहे ते सगळं आहे. कचेरीत गेलीस की धक्का म्हणू नकोस, जेट्टी तर अजिबात नको. बंधारा म्हण. कागदात आहे तोच शब्द उच्चार. मी बरोबर येऊ का? सुट्टी टाकते.

काकांना माझ्याकडून घट्ट मिठी. त्यांना सांग, तुमचा विनोद इतक्या वर्षांनी कामी आला.

अनू

———

बोरिवली, खाडीपलीकडून
१२ मार्च २०२५

प्रिय अनू,

तुला फोनवर येऊ नकोस म्हटलं ते बरंच झालं. तू आली असतीस तर इंग्लिशमध्ये बोलली असतीस आणि मॅटर बिघडला असता.

ब्लँच आंटीला इसिडोरजवळ बसवलं, भरतीची बोट धरली आणि कचेरीत गेले. टेबलावर विद्याधर म्हणून माणूस आहे, पन्नाशीचा. मला ओळखतो.

"मॅडम, परत जेट्टी?"

"जेट्टी नाही. बंधारा."

"बंधारा वेगळ्या शाखेत."

"मग त्या शाखेत बघा. हे पान."

त्याने पान घेतलं, चष्मा वर केला, खाली केला. उठून आत गेला. मला वाटलं आता जेवायला गेला, संध्याकाळीच उगवणार. पण तो एक जाडी फाइल घेऊन आला, उघडली आणि ती ओळ बोटाने वाचली. मग खुर्चीत बसला आणि कपाळावर हात मारला. म्हणाला, "मॅडम, आईशप्पथ सांगतो, मी खरंच शोधलं होतं. जेट्टीच्या फायली सगळ्या उपसल्या. हे बंधाऱ्याच्या पोटात असेल असं स्वप्नात पण वाटलं नाही."

त्याच्यावर मला रागच येईना. मी पण नवऱ्याला पाणी हवं का, शाल हवी का, असंच विचारत होते ना.

मग त्याने हळूच विचारलं, "हे पान कोणत्या एजंटाकडून काढलंत? इथले सगळे आमच्या ओळखीचे आहेत."

मी ताठ बसून सांगितलं, "माझ्या भाचीचा एजंट आहे. तो पैसे घेत नाही."

"असं कसं? कुठे बसतो?"

"मरोळला."

त्याने ते टिपून घेतलं, अनू! आता तुझ्या ऑफिसात कोणी एजंटाला भेटायला आलं तर त्याला चहा पाज.

निघताना म्हणाला, दिवस फार कमी आहेत, पण फाइल मी शिपायाकडे देत नाही, स्वतः घेऊन वर जातो. श्रेयस नावाचा तरुण इंजिनिअर परवा येऊन धक्का मोजून गेला, पँट चिखलाने माखली तरी कुरकुरला नाही. होईल की नाही देव जाणे. पण कोणीतरी आपली फाइल हातात धरून जिना चढतंय, एवढ्यानेच मला बरं वाटलं. इसिडोरला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बघू." आता त्याच्याकडे दोन शब्द झाले.

ब्रिजेट मावशी

———

मुलुंड
३० एप्रिल २०२५

प्रिय मावशी,

एकतीस मार्च होऊन महिना झाला, तुझं पत्र नाही. फोन उचलला जात नाही. ब्लँच आंटीचा नंबर माझ्याकडे नाही. आमच्या टूलमध्ये मी रोज ती ओळ उघडून बघते. खर्च अजून शून्य दाखवतंय. देवेश म्हणतो, सरकारी आकडे उशिराने चढतात, काही अर्थ काढू नकोस. पण मी काढते, काय करू?

काम झालं नसेल तर मला स्पष्ट लिही. काकांना त्रास झाला असेल तर तेही लिही. मागच्या वेळेसारखं गोड गोड लिहू नकोस.

एक सांगायचं होतं. धूप सुधारल्यावर किनाऱ्यावरच्या बाकी गावांचे बंधारेही जागच्या जागी आले. ते पण इतके दिवस माझ्या उन्हात वाळत पडले होते! परवा कुठल्यातरी गावच्या माणसाचा प्रश्न आला, त्याच्या घरापर्यंत पाणी येतंय म्हणून, आणि एजंटाने त्याला बरोब्बर त्याच्या बंधाऱ्याचं पान दिलं. तो माणूस कोण, मला माहीत नाही. त्याला काका माहीत नाहीत. पण ते पान त्याला काकांमुळे मिळालं. मला आईनंतर पहिल्यांदाच आपण करतो ते काम कोणाच्या तरी उपयोगाचं आहे असं वाटलं, आणि ते तुम्हा दोघांमुळे. हे तोंडाने सांगायला मला जमलं नसतं. पत्र आहे म्हणून बरं.

या रविवारी येते. नाही म्हणू नकोस.

अनू

———

बोरिवली, खाडीपलीकडून
२ जून २०२५

प्रिय अनू,

तुझं पत्र आलं तेव्हा तो रविवार उलटून गेला होता आणि तू काही आली नव्हतीस. शेजारच्या नोएलने माझा मोबाईल उघडून तुझा निरोप वाचला तो असा: "ताप आहे, येता येत नाही." पेज प्यायलीस का नाही, ते आधी लिही. आता बरी असशील.

मी लिहिलं नाही कारण इसिडोरने लिहू दिलं नाही. मी कागद घेतला की म्हणायचा, "थांब." हा तिसरा शब्द.

मार्च संपता संपता विद्याधरसाहेबाने काम ठेकेदाराला द्यायचा हुकूम काढून घेतला. शेवटच्या दिवशी उशिरापर्यंत कचेरीत बसला होता, असं श्रेयसने सांगितलं. एप्रिलमध्ये दगड आले, मग सिमेंट. ओहोटीला काम, भरतीला सुट्टी. पावसाच्या आधी संपायला हवं होतं आणि संपलं. पायऱ्या आता पार खालपर्यंत आहेत, रुंद, आणि एका बाजूला धरायला लोखंडी दांडा. तो दांडा कागदात नव्हता. श्रेयसने इसिडोरला खिडकीत बसलेला बघितला होता, त्याने तो बसवून दिला. त्याच्या आईने चांगला मुलगा वाढवलाय.

दांडा बसला त्या दिवशी इसिडोरने स्वतः काठी मागितली. ओहोटी होती, मुद्दाम ओहोटीच निवडली त्याने. नोएल मागे, मी पुढे. एक पायरी, मग थांबायचं, मग दुसरी. बोटीतली माणसं ताटकळली, पण कोणी "चला" म्हटलं नाही. खाली पोचल्यावर त्याने मला बाजूला केलं आणि स्वतः बोटीत पाय टाकला. डॉक्टरीणबाई म्हणते, उशीर झालाय, पण वेळ गेलेली नाही. तेव्हापासून एकही खेप चुकवली नाही.

काल मी चर्चमध्ये उपकाराची मिस्सा, म्हणजे आभाराची प्रार्थना, सांगितली. फादरनी विचारलं, कोणासाठी? मी नावं दिली: माधुरी, अनुपमा, विद्याधर, श्रेयस. मग म्हटलं, आणि एजंट. फादर म्हणाले, "त्यांचं नाव?" मी म्हटलं, नाव नाही फादर, तो माणूस नाही, तो उठून शोधायला जातो. मग अल्तारावरून त्यांनी वाचलं, "आणि जे आपल्यासाठी उठून शोधायला गेले त्या सर्वांसाठी." माझ्या डोळ्यांना धार लागली. इसिडोर शेजारी बसला होता, धूप आला तसा माझ्या कानाशी वाकून म्हणाला, "बंदी." आणि खिदळला. चर्चमध्ये!

सप्टेंबरपासून मी देवाकडे खूप काही मागत होते. आता मागायला सुचत नाही, नुसतं थँक यू म्हणते. तुला, तुझ्या आईला, त्या तुझ्या मरोळवाल्याला. आणि चुकीलासुद्धा.

तुझी,
ब्रिजेट मावशी

ता. क. इसिडोर रोज डाव्या हाताने पाटीवर काहीतरी गिरवतो. मला दाखवत नाही.

———

२१ सप्टेंबर २०२५

अनू,

डाव्या हाताने लिहितो. अक्षर वाकडं. ब्रिजेटला माहीत नाही.

५ ऑक्टोबरला आगेऱ्याचा सण. नवा भात चर्चमध्ये नेणार. ये.

बोट धक्क्याला लागली की उडी मार. मी आहे.

काका